अनुभव धागा: हरलं की नशीब, जिंकलं की स्किल

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला तेव्हापासून आमच्या मित्रांच्यात हा वाद मिटायचं नाव घेत नाहीये. पैसे लावून खेळायचे गेम सगळे बंद, मग ते स्किलचे असोत की नशिबाचे, आणि ईस्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मात्र वेगळं काढून मान्यता. त्याआधी कोर्टात वर्षानुवर्षं हेच दळण, रमी ही मुख्यतः स्किलची असं सुप्रीम कोर्ट साठच्या दशकातच म्हणून बसलंय, २०२१ मध्ये पैशाच्या लुडोवरून मुंबई हायकोर्टात याचिका झाली, वगैरे. तर कायदा राहू दे बाजूला. मला खेळणाऱ्यांकडून ऐकायचंय. बीजीएमआय, सीएस, डोटा, पोकेमॉन, काहीही, फक्त समोर माणूस पाहिजे. तुमच्या गेममध्ये नशीब नेमकं कुठे बसलंय आणि तुम्ही त्याचं काय करता? "सगळं स्किलच असतं भावा" एवढं लिहून पळू नका.

माझं क्लॅश रॉयल, मोबाईलवरचा पत्त्यांचा गेम, आपापला डेक म्हणजे पत्त्यांचा संच घेऊन उतरायचं. माझा डेक बलूनचा. समोरच्याने बलूनला जाळणारा इन्फर्नो टॉवर काढला की मला तिथल्या तिथे कळतं आज काय होणारे, आणि तो काढणार की नाही हे मॅच लागायच्या आधीच ठरलेलं. मग मी निदान मॅच शेवटपर्यंत खेचायला बघतो, तेवढंच हातात.

झोनबाहेरचा

कॉलेजला असताना टीमचा आयजीएल (मॅचमध्ये हुकूम सोडणारा कप्तान) होतो, रोज रात्री स्क्रिम्स म्हणजे टीमच्या सरावाच्या मॅचेस, आईला वाटायचं प्रोजेक्ट चाललंय. बाहेरच्यांना वाटतं बीजीएमआयमध्ये, म्हणजे पबजीच्या भारतातल्या अवतारात, नेमच सगळं, पण स्क्रिम्समध्ये नेम सगळ्यांचाच बरा असतो हो, तिथला खरा मालक झोन, म्हणजे मॅपवरचं आकसत जाणारं वर्तुळ, बाहेर राहिलं की जीव जातो. इरँगल या मॅपवर आम्ही जॉर्जोपोलला उतरायचो, म्हणजे मॅपच्या वरच्या डाव्या बाजूला, आणि पहिलं झोन जायचं खाली मिलिटरी बेसला. मध्ये पाणी, बेटावर जायला दोन पूल, आणि दोन्हीवर कोणीतरी गाडी आडवी लावून बसलेलं. आता यात माझं काय चुकलं सांगा.

पण आमच्यातच एक टीम होती, असं झोन आलं की ते पुलाच्या वाटेलाच जायचे नाहीत. बोट मिळाली तर बोट, नाहीतर सरळ कडेला थांबून उशिरा येणाऱ्यांना टिपायचे. कारण पॉइंटचं गणित असं की १६ टीममध्ये पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, मग उतरत जातं, आणि प्रत्येक किलला १. म्हणजे झोन आपलं नसेल तर चिकनचा, म्हणजे पहिल्या नंबरचा, नाद सोडायचा, सहा किल घेऊन मरायचं, दुसऱ्या नंबरच्या जागेचे पॉइंट खिशात. आम्ही मात्र दर वेळी पुलावर जाऊन मरायचो आणि डिस्कॉर्डवर झोनला शिव्या घालायचो.

उलटंही व्हायचं. एकदा टेकाडावर एकाच दगडामागे चौघं पडलेलो, गोळ्या संपत आलेल्या, कोणाकडे आडोशाला टाकायचा स्मोक बॉम्ब नाही, आणि शेवटची झोनं लागोपाठ आमच्याच अंगावर आली. बाकीच्या टीम उघड्या गवतातून पळत येतायत आणि आम्ही नुसते झोपून मारतोय. स्ट्रीमवरचा कास्टर (कॉमेंट्रीवाला) ओरडतोय काय पोझिशनिंग, काय पोझिशनिंग! कसलं पोझिशनिंग, आम्हाला उठायला जागा नव्हती.

आणि खरं नशीब तर मॅचच्या आत नव्हतंच. २ सप्टेंबर २०२० ला पबजी गेली, बीजीएमआय यायला जुलै २०२१ उजाडला, जुलै २०२२ ला ते पण स्टोअरवरून गायब, मे २०२३ ला परत हजर. आमच्यातला सगळ्यात भारी पोरगा नेमका त्या गॅपमध्ये फॉर्मात होता. गेम परत आला तोवर तो नोकरीला लागलेला, शिफ्ट दुपारची.

लाईटगेली

तुम्ही झोनचं रडताय, आमच्या गावात संध्याकाळी सातला लाईट जाते. मोबाईल चालू पण वायफायचा डबा बंद, डेटावर आलो की पिंग, म्हणजे नेटचा उशीर, तीनशे. मी पहिली गोळी झाडेपर्यंत समोरच्याने मला मारून माझा लूट पण उचललेला असतो. पुण्यामुंबईची पोरं ज्याला रिफ्लेक्स म्हणतात त्यातलं निम्मं फायबर आहे, बोललं की राग येतो.

डस्टचा म्हातारा

मी तुमच्या आधीच्या पिढीतला. सीएस १.६ (काउंटर-स्ट्राइक), सायबर कॅफे, एसीवाल्या खोलीला जास्त पैसे. डस्ट टू या मॅपवर राउंड सुरू झाला की टेररिस्टच्या बाजूने मधल्या दरवाज्यांवर एडब्ल्यूपी, म्हणजे लांबची स्नायपर बंदूक, रोखायची. दोन दरवाज्यांमध्ये एवढीशी फट, त्यातून सीटीवाला (समोरच्या काउंटर-टेररिस्ट टीमचा) बी नावाच्या जागेकडे पळताना दिसतो न दिसतो तोच क्लिक. लागलं की समोरच्या रांगेतून शिवी आणि "लक! लक!" असा आरडाओरडा. लक होतंच, फट केवढी ती. पण आमचा एक मित्र दर राउंडला न चुकता तिथेच उभा राहायचा, आणि राउंड सुरू झाल्यावर डोकं फटीत कधी येतं हे त्याने घरी एकट्याने सर्व्हर चालू करून, सीटीकडून स्वतः पळून पळून मोजलेलं. आमचं एकदा लागलं की आम्ही आठवडाभर सांगत फिरायचो, त्याचं रोज लागायचं आणि तो काही बोलायचा पण नाही. त्याला शिव्या मात्र आमच्याइतक्याच पडायच्या, लक लक म्हणूनच.

रँकमध्ये अडकलेला

व्हॅलोरंट. गाढवं सगळी माझ्याच टीममध्ये येतात. बाकी काही अनुभव नाही.

डस्टचा म्हातारा

अहो तुम्हाला सोडून तुमच्या टीममध्ये चार जागा, समोर पाच. गाढवं सगळीकडे सारखीच वाटली जात असतील तर समोर जरा जास्तच पडायला हवीत. तुम्ही स्वतः गाढव नसाल तर, म्हणजे.

रँकमध्ये अडकलेला

हे गणित मला माहितीये काका, पण येतात माझ्याकडेच!!

क्रिपकुट्या

डोटावाला बोलतो. आमच्याकडे फासा आहे पण तो फासा सरळ नाहीये, आणि हे खूप जणांना वर्षानुवर्षं खेळून पण माहीत नसतं. समजा एखाद्या स्किलवर २५ टक्के चान्स लिहिलाय. तर पहिल्या फटक्याला चान्स साधारण साडेआठ टक्केच असतो, नाही लागला की पुढच्याला वाढतो, परत नाही लागला की अजून वाढतो, आणि लागला की परत साडेआठवर. सरासरी २५ च पडते पण लागोपाठ चार वेळा लागणं किंवा बराच वेळ अजिबात न लागणं हे दोन्ही कमी होतं. म्हणजे देवाला पण वॉल्व्हने (डोटा बनवणारी कंपनी) हिशोबात बसवलंय. ह्याचा फायदा घेणारे महाभाग असायचे, फाईटच्या आधी क्रिपवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या फुटकळ सैनिकांवर, फटके मारत बसायचे, चार-पाच कोरडे गेले की मग हिरोवर उडी. मी पण करून बघितलं. फाईट सुरू झालेली असते, टीम मरत असते आणि आपण क्रिप कुटत बसलेलो, मग चॅटमध्ये जे ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाणीपुरी_आणि_पिकाचू

मी पोकेमॉन खेळते, स्पर्धेचं, शोडाउन नावाच्या साइटवर. आमच्या गेमची तर जातच नशिबाची, स्टोन एज या मूव्हला (हल्ल्याला) लोक स्टोन मिस म्हणतात, ८० टक्के ॲक्युरसी आणि चुकायचा तेव्हाच चुकतो. तरी रेटिंगमध्ये वर बघा, बरीचशी तीच ती मंडळी. कसं ते सांगते. फ्लेमथ्रोवर या मूव्हची ताकद ९० आणि सहसा चुकत नाही. फायर ब्लास्ट ११० आणि ८५ टक्केच लागतो. नवीन मुलं विचारतात कुठला चांगला. अरे पण तू आत्ता पुढे आहेस की मागे? पुढे असशील तर फासा टाकायचाच नाही, हळूहळू मॅच बांधत न्यायची. मागे असशील आणि पुढच्या टर्नला मरणारच असशील तर जो मूव्ह लागला तर वाचशील तोच मारायचा, मग तो ७० टक्क्यांचा फोकस ब्लास्ट का असेना. मी हे एका मॅचला शेवटच्या पोकेमॉनवर केलं, लागला, समोरच्याने चॅटमध्ये एवढंच लिहिलं "नाईस लक" आणि गेला. नाईस काय नाईस, दुसरा मूव्ह मारला असता तर हरणं शंभर टक्के होतं, हे त्याला पण माहीत होतं!

आणि कार्ड-फाशांच्या गेमना नाकं मुरडणाऱ्यांसाठी: २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये भुजच्या तीर्थ मेहताने ब्राँझ आणलं ते हार्थस्टोनमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या गेममध्ये. ईस्पोर्ट्स तेव्हा प्रात्यक्षिक म्हणून होते, पदकतालिकेत धरलं नाही, ते सोडा.

लो_किक

टेकन, म्हणजे दोघांच्या मारामारीचा गेम, त्यात फासाच नाही. तरी मी पडून उठताना समोरचा खाली मारणार की मध्ये हे मला दिसायच्या आधी ठरवावं लागतं, म्हणजे अंदाजच. चांगला खेळाडू मला उगाच कुठेही पाडत नाही, तो अशा जागी पाडतो जिथे माझा अंदाज चुकला तर मॅचच संपते.

सोंगटी

लुडो किंग चालेल का? बनवणारे नवी मुंबईचे आहेत म्हणून हक्काने विचारते. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे घरचे सगळे यावर, आणि जिंकणार कोण, आत्या. फासा तिला काही वेगळा पडत नव्हता, मी शेजारी बसून बघितलंय. पण मागच्या सहा घरांत कोणाची सोंगटी असेल तर ती आपली तिथे ठेवायचीच नाही, पळव नाहीतर चांदणीवर नेऊन बसव. आणि सहा पडला की आम्ही सगळे उत्साहात नवीन सोंगटी बाहेर काढायचो, ती आधी बोर्ड बघायची, चष्मा वर करून, दोन-दोन मिनिटं, समोरचे "आत्या टाक गं" म्हणून बोंबलतायत तरी. भाचे मंडळी आता तिच्याशी खेळत नाहीत. म्हणतात तिने ॲप हॅक केलंय.