मांजर खेळताना हातावर झडप घालते

प्रश्न: मांजर दीड वर्षाची, घरातच असते. लेझरमागे थोडी धावते, मग माझा हातच पकडते. कसं खेळवू?

बोका_प्रेमी: हाताने खेळवणं आधी बंद करा. काठीला दोन-तीन फूट दोरी, टोकाला पीस. ते तिच्या तोंडासमोर नाचवू नका. सावज दूर पळतं, तसं जमिनीलगत लांब सरकवा, सोफ्याआड लपवा, मध्येच थांबवा. अधूनमधून पकडू द्याच.

मिशाळ: लेझरमध्ये पंजात काहीच येत नाही, म्हणून चिडचिड होते. वापरलाच तर शेवटी ठिपका खाऊवर थांबवा. डोळ्यांवर कधीच नको.

सायली_म: दिवसातून दोनदा १० मिनिटं, जेवणाआधी. कान मागे गेले, शेपूट आपटू लागली की थांबा. दोरी कपाटात ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते.