कोहेन आणि मृताचा विटाळ: जवळच्या नातेवाइकांची सवलत की कर्तव्य?

जिज्ञासू: ज्यूंच्या लेवीय ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात पहिला प्रमुख याजक अहरोन याच्या वंशातील याजकांना, म्हणजे कोहेनांना, मृतामुळे अशुद्ध होण्याची मनाई आहे, मात्र जवळच्या नातेवाइकांचा अपवाद आहे. हा अपवाद निव्वळ सवलत आहे का? शिवाय इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर पाडले गेले आणि शुद्धीकरणासाठी लागणारी तांबड्या कालवडीची राखही आता नाही, तरी कोहेन घराणी हा नियम आजही का पाळतात?

पोथीवाचक: आपला पहिला प्रश्न तल्मूद या ज्यू धर्मशास्त्राच्या चर्चाग्रंथामध्येच वादाचा आहे. त्यातले रब्बी (धर्मगुरू) इश्माएल याला मुभा मानतात, तर रब्बी अकिवा कर्तव्य, आणि पुढे अकिवांचे मत ग्राह्य धरले गेले. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, अविवाहित बहीण आणि रब्बींच्या अर्थानुसार पत्नी, यांच्यासाठी कोहेनाने अशुद्ध व्हायलाच हवे. योसेफ नावाच्या याजकाची पत्नी वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी वारली. तो विटाळ करून घेण्यास तयार होईना, तेव्हा सोबतच्या याजकांनी त्याला बळजबरीने अशुद्ध केले, अशी कथा तिथे येते. प्रमुख याजकाला मात्र आईवडिलांसाठीही परवानगी नाही. तरीही वाटेत बेवारस मृतदेह दिसला आणि दफन करणारे दुसरे कोणीच नसेल, तर त्याचे दफन प्रमुख याजकानेही करायचे. माझ्या मते या साऱ्या नियमांचा कस इथेच लागतो.

साष्टीकर: आपल्याकडच्या सुतकाशी याची गल्लत होऊ नये. सुतक नात्यामुळे लागते, दूरगावी बातमी कळली तरी लागते. इथे विटाळ स्पर्शाने किंवा मृतदेहासह एकाच छपराखाली असल्याने लागतो, मग मृत व्यक्ती अनोळखी का असेना. म्हणून कोहेन कबरीपासून चार हात लांब उभे राहतात, आणि आप्तांना वाटेवरूनच दर्शन घेता यावे यासाठी पुष्कळ ठिकाणी कोहेनांच्या कबरी दफनभूमीच्या कडेला असतात. दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर ही मनाई मंदिरातील सेवेवर नव्हे, वंशावर बेतलेली आहे. राखेअभावी आज सगळेच अशुद्ध मानले जातात हे खरे, पण त्यामुळे नव्याने विटाळ करून घेण्यास बहुतेक रब्बी परवानगी देत नाहीत.

जिज्ञासू: मग कोहेन घराण्यातील मुलीने वैद्यकीय शिक्षणात शवविच्छेदन करायचे ठरवले तर?

पोथीवाचक: तिला ही अडचण नाही, कारण मूळ आज्ञा ‘अहरोनाच्या पुत्रांना’ उद्देशून आहे. तिच्या भावाला मात्र बहुतेक रब्बी नकारच देतील. जीव वाचवण्याची वेळ आली तर गोष्ट वेगळी, तिथे ही मनाई आड येत नाही.