डीएनए सिक्वेन्सिंग आणि डेटा-विश्लेषण: पिपेट हातात देणारा कोर्स कुठे मिळेल?

खाजनकाठ
नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष, मुक्काम मडगाव. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) चिखलाचे १२ नमुने उणे ८० अंशांत ठेवलेत, त्यांतल्या जीवाणूंची १६एस या जनुकावरून ओळख पटवायची आहे. पीसीआर आणि जेल जमतं, लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) कधी केलेली नाही, लिनक्सच्या नावाने शंख. जाहिरातींत सगळीकडे 'हँड्स-ऑन' असतं आणि प्रत्यक्षात स्लाइड्सचा मारा, तो प्रकार टाळायचा आहे. गोव्यात काही सोय आहे का, की पुणे-बेंगळुरू गाठावं? नाव घालण्याआधी काय विचारावं?

तिसवाडीकर
आधी घराजवळचं बघा. दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) ही सीएसआयआरची प्रयोगशाळा, तेव्हा सीएसआयआरच्या स्किल इनिशिएटिव्हमधले तिथले कोर्स पाहत राहा. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाचे मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजी विभाग आहेत, झुआरीनगरला बिट्सचा जीवशास्त्र विभाग. कार्यशाळा जाहीर झाली की अर्जाला दिवस थोडे असतात, त्यामुळे मार्गदर्शकांचं पत्र आणि विभागाचा ना-हरकत दाखला आधीच तयार ठेवा. बाहेर जायचं तर पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) तुमच्या विषयाला सर्वांत जवळचं, जीवाणूंचा राष्ट्रीय संग्रह एनसीएमआर त्यांच्याकडेच आहे. बेंगळुरूला सी-कॅम्प हे जैवतंत्रज्ञान केंद्र, आणि डेटाच्या बाजूसाठी आयबॅब ही बायोइन्फॉर्मॅटिक्सची संस्था.

विचारायचं ते हे: एका लायब्ररीमागे किती जण? बीड क्लीनअप (चुंबकी मण्यांनी डीएनए स्वच्छ करणं) कोण करणार, आम्ही की तुमचा माणूस? परत जाताना कच्च्या फास्टक्यू फाइली (सिक्वेन्सरमधून आलेला मूळ डेटा) मिळतील का?

आणि वेळापत्रकाचा हिशेब स्वतः मांडा. मायसेक या सिक्वेन्सरचा २×३०० (दोन्ही टोकांकडून ३०० बेस) रन एकट्याने सुमारे ५६ तास खातो. त्याआधी डीएनए काढणं, पहिला पीसीआर, इंडेक्स पीसीआर (प्रत्येक नमुन्याला ओळखखूण जोडणं), पूलिंग (सगळे एकत्र करणं) यांत दोन दिवस सहज जातात. तीन दिवसांत 'तुमची लायब्ररी, तुमचा रन, तुमचं विश्लेषण' असं कुणी म्हणत असेल तर विश्लेषण जुन्या डेटावरच होणार. त्यात गैर काही नाही, फक्त आधी सांगायला हवं. नॅनोपोर सिक्वेन्सरचं मात्र जमतं, रन सुरू झाल्यावर काही मिनिटांतच रीड्स (वाचलेले डीएनए-तुकडे) येऊ लागतात. छोट्या कोर्सला तोच बरा.

चुंबकमणी
वरच्या हिशेबाशी सहमत. पण कोर्सला जाण्याआधी खाजनाच्या चिखलाचं काय करायचं ते ठरवा, कारण तो सोपा नमुना नाही. त्यात ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पालापाचोळ्यातली) भरपूर. डीएनए चहासारखा तपकिरी उतरला तर पीसीआर अडणार. मातीसाठीचंच किट वापरा, टेम्प्लेट (काढलेला डीएनए) १:१० पातळ करून पाहा, तरी नाही जमलं तर बीएसए हे प्रथिन घाला. पातळ केल्यावर बँड उजळला तर दोष डीएनएच्या प्रमाणाचा नाही, पीसीआर अडवणाऱ्या इनहिबिटरचा. डीएनएचं मोजमाप क्युबिट या यंत्रावर, नॅनोड्रॉप हे यंत्र आरएनए आणि ह्युमिकही धरतो आणि आकडा फुगवतो. १२ नमुन्यांबरोबर एक कोरी ट्यूबही पहिल्यापासून शेवटपर्यंत न्या, किटमधलेच जीवाणू खाजनातले म्हणून खपायला नकोत.

क्लीनअपमध्ये नवशिक्यांचे हात हमखास अडकतात. बीड्स फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, बाटली नीट हलवून एकजीव करा. नमुन्याच्या ०.८ पट बीड्स घालून पाच मिनिटं, मग चुंबकावर. ८०% इथेनॉल त्याच दिवशी केलेलं हवं. जुन्यातलं इथेनॉल उडून पाणी वाढलेलं असतं आणि धुताना डीएनए निसटतो. दोनदा धुतल्यावर तळाशी उरलेला थेंब बारीक टिपने काढा. नंतर ट्यूबवरची नजर हलवू नका: बीड्सची चकाकी गेली की लगेच इल्यूशन बफर (डीएनए सोडवणारा द्रव). भेगा पडल्या तर उशीर झाला, डीएनए पुरता सुटत नाही.

नॅनोपोर असेल तर प्रायमिंगच्या (बफर भरण्याच्या) वेळी फ्लो सेलमध्ये (जिथे सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पोअर असतात) हवेचा बुडबुडा जाऊ देऊ नका. तो जिथून जाईल तिथले पोअर गेलेच समजा. आधी २०-३० मायक्रोलिटर मागे ओढून घ्यायचं ते त्यासाठीच. रनवरच्या लॅपटॉपचं विंडोज अपडेट आणि स्लीप बंद ठेवा, पावसाळ्यात यूपीएस लावा.

वायदिशा
डेटाची बाजू कोर्सवर सोडू नका. गॅलक्सी या ऑनलाइन डेटा-विश्लेषणाच्या साइटच्या युरोपियन सर्व्हरवर मोफत खातं मिळतं, २५० जीबी जागेसह, आणि गॅलक्सी ट्रेनिंग नेटवर्कवर १६एसचे पाठ नमुन्याच्या डेटासकट आहेत. दोन आठवडे रोज तासभर दिला तर कोर्समध्ये 'फास्टक्यू म्हणजे काय' यावर दिवस जाणार नाही.

एक खाचखळगा आत्ताच सांगते. १६एसच्या व्ही३-व्ही४ भागाचा तुकडा प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे तुकडे) कापल्यावर बहुतांशी ४०२ ते ४२७ बेसचा उरतो. डाडा२ या प्रोग्रामला दोन रीड्स जोडायला किमान १२ बेस एकमेकांवर यावे लागतात. प्रायमर काढून पुढचा २४० आणि मागचा १८० वर छाटलात तर बेरीज ४२०. ४०२वाले जुळतात, ४२७वाले जुळतच नाहीत. एरर येत नाही, लांब तुकड्याचे जीवाणू गुपचूप यादीतून गळतात आणि आलेख दिसतो झकास. २६० आणि २०० ठेवा, ३३ बेसचा ओव्हरलॅप राहतो. प्रायमर न काढता डाडा२ चालवलंत तर भलतंच होतं, निम्मे रीड्स कायमेरा (दोन तुकडे जुळून झालेले खोटे रीड्स) म्हणून फेकले जाऊ शकतात.

खाजनकाठ
खूप आभार! लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. नवा घ्यावा लागेल का?

वायदिशा
नको. १२ नमुन्यांच्या १६एसला तेवढी चालते, डब्ल्यूएसएल२ (विंडोजमध्ये लिनक्स) घाला आणि त्यात बायोकोंडा (जीवशास्त्राच्या प्रोग्रामांचा संच). फाइली मात्र लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हवरून वाचल्या तर काम रखडतं. पुढे शॉटगन मेटाजीनोमिक्स (एका जनुकाऐवजी सगळ्या डीएनएचं सिक्वेन्सिंग) करायचं ठरलं तर जीवाणू ओळखणाऱ्या क्रॅकन२ प्रोग्रामचा पूर्ण डेटाबेस या रॅममध्ये मावणार नाही, तेव्हा विभागाचा सर्व्हर शोधा.

चुंबकमणी
आणि चिखलाच्या त्या १२ ट्यूब सारख्या बाहेर काढून वितळवू नका. आत्ताच प्रत्येकी ०.२५ ग्रॅमचे तीन-चार भाग करून ठेवा, कोर्सला त्यातला एकच न्या, सुक्या बर्फात.