साध्या स्पीकरवर सिंफनी का गुदमरते?

दादरकर:
माझ्याकडे प्रत्येकी एकच ४ इंची फुल-रेंज युनिट (खालपासून वरपर्यंतचे सर्व स्वर एकटेच वाजवणारे) असलेली साधी स्पीकरजोडी आहे. तिच्यावर ख्याल, सतार किंवा तंतुवाद्यांची चौकडी अतिशय सुरेख ऐकू येते. मात्र मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकून आल्यावर तशाच रचना घरी लावल्या, तर सर्व वाद्ये एकवटतात त्या क्षणी व्हायोलिनसुद्धा खरखरीत होतात आणि आवाज फुलण्याऐवजी कोंदटतो. जास्त वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतल्यास फरक पडेल का?

ध्वनिवेडा:
माझ्या मते नाही, कारण अडचण वॅटची नसून हवा हलवण्याची आहे. तेवढ्याच आवाजासाठी कंपनसंख्या निम्मी झाली की स्पीकरच्या पडद्याला (हवा ढकलणाऱ्या शंकूला) चौपट हालचाल करावी लागते. डबल बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची असते. तो स्वर एका मीटरवर ९० डेसिबलने ऐकवायचा, तर ४ इंची पडद्याला प्रत्येक दिशेला १ सेंटिमीटरहून अधिक सरकावे लागेल, आणि अशी युनिटे साधारणतः काही मिलिमीटरच नीट सरकू शकतात. शिवाय तोच पडदा त्याच वेळी व्हायोलिनही वाजवत असतो, त्यामुळे खर्जाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर वरचे स्वर डहुळतात. आपल्याला जाणवणारी खरखर बहुधा हीच आहे. एकट्या गायकाच्या आवाजात इतका खोल खर्ज नसतो, म्हणून तिथे हा दोष उघड होत नाही. दर ३ डेसिबलसाठी दुप्पट वॅट लागतात हे खरे, पण ते दिल्याने व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) तापते, तिचा रोध वाढतो आणि नेमक्या उत्कर्षबिंदूलाच आवाज दबतो.

दादरकर:
मग सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, जोडला तर?

गोरेगावची श्रोती:
जोडावाच, परंतु केवळ जोडून भागत नाही, आणि बहुतेकांचे इथेच चुकते. छोट्या स्पीकरकडे जाणारा खर्ज हाय-पास फिल्टरने (फक्त वरचे स्वर पुढे जाऊ देणाऱ्या), साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या खाली, अडवला नाही, तर तो पडदा पूर्वीइतकाच धडपडत राहतो. दोन्ही स्पीकरच्या मधोमध ठेवलेला बंद पेटीचा १० इंची सबवूफर मुंबईतल्या लहान खोलीला पुरेसा होतो, कारण भिंती जवळ असल्याने खर्जाला आपोआप बळ मिळते. सभागृहाचा भव्यपणा त्यातून पूर्णपणे येणार नाही, तरीही ज्या मध्यसप्तकासाठी आपण ही जोडी जपली आहे, ते ऑर्केस्ट्राच्या गर्दीतही स्वच्छ राहील. शेजाऱ्यांच्या भिंतीला मात्र सबवूफर टेकवू नये.