पावसाळ्यानंतर गिटारच्या तारा घरीच बदलाव्यात का?

प्रश्न (रत्नागिरीहून):
माझ्या मुलीची अकूस्टिक गिटार पावसाळाभर केसमध्ये पडून होती. आता बाहेर काढली, तर जाड तारा काळपट-हिरव्या पडल्या आहेत, पातळ तारांना तांबूस गंज चढला आहे आणि रोझवुडच्या फ्रेटबोर्डवर (बोटे ठेवायच्या लाकडी पट्टीवर) बुरशीचा पांढरा थर दिसतो. जवळपास गिटार दुरुस्त करणारे कोणी नसल्यामुळे हे काम घरीच करण्याचा विचार आहे. सगळ्या तारा एकदम सोडल्या तर नेक, म्हणजे गिटारची लांब मान, वाकते, असे ऐकले आहे; ते खरे आहे का? फ्रेटबोर्डला खोबरेल तेल लावले तर चालेल का?

पहिले उत्तर:
साफसफाईपुरत्या सगळ्या तारा काढल्याने नेकला काहीही होत नाही; फक्त त्या ताणलेल्या असताना कापू नयेत, खुंट्या फिरवून आधी पूर्ण सैल कराव्यात. ब्रिजची (तारांची खालची टोके जिथे अडकवतात त्या पट्टीची) पिन घट्ट बसली असेल, तर पक्कडीने ओढण्याऐवजी साउंडहोलमधून हात घालून तिचे टोक आतून वर ढकलावे.

बुरशी घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावी आणि लगेच कोरडे फडके फिरवावे. पडद्यांच्या (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडेला साचलेला मळ जुन्या, मऊ टूथब्रशने निघतो आणि काळवंडलेले पडदे अगदी बारीक स्टील वूलने (पोलादी तंतूंच्या घासणीने) चकचकीत होतात. खोबरेल मात्र लावू नये. ते कालांतराने खवट होते, थंडीत थिजते आणि त्यावर धूळ चिकटते. फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे चार-पाच थेंब पुरतात, तेही मिनिटभरात पुसून घ्यावेत.

नवीन तार बसवताना तिचे टोकाचे पितळी बोंड पिनेच्या खाली न राहता तिच्या शेजारी, आतल्या लाकडी पट्टीला टेकले पाहिजे, आणि नेमकी हीच गोष्ट घाईत बहुतेकांकडून राहून जाते. त्यासाठी बोंडाजवळची तार किंचित वाकवावी, पिनेची खाच तारेकडे ठेवून पिन हलकेच दाबावी आणि त्याच वेळी तार वर ओढावी. बोंड पट्टीला अडले की हाताला ते स्पष्ट जाणवते. खुंटीवर जाड तारेचे दोन आणि पातळ तारेचे तीन वेढे, एकाखाली एक असे, पुरेसे आहेत.

दुसरे उत्तर:
वरील सल्ला उत्तम आहे, पण स्टील वूलबाबत मी सहमत नाही. त्याचे लोखंडी कण लाकडाच्या रंध्रांत अडकतात आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तिथेच गंजतात. इलेक्ट्रिक गिटार असेल, तर पिकअपमधील (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागातील) चुंबक ते कण ओढून घेतात, हे आणखी वाईट. त्याऐवजी फ्रेटबोर्डचे लाकूड कागदी चिकटपट्टीने झाकून पडदे धातू चमकवण्याच्या कापडाने घासावेत.

तारांविषयी सांगायचे तर, ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असलेल्या ब्राँझच्या तारा सुरुवातीला खणखणीत वाजतात, पण दमट हवेत त्यांचा आवाज लवकर बसतो. कोकणात फॉस्फर ब्राँझ किंवा त्याहून चांगल्या म्हणजे कोटेड (संरक्षक थर दिलेल्या) तारा घ्याव्यात. किंमत जास्त असली तरी त्या बऱ्याच जास्त टिकतात. मूळ तारांची जाडी ठाऊक नसेल, तर ०.०१२ ते ०.०५३ इंचाचा ‘लाइट’ सेट सहसा योग्य ठरतो. मात्र ब्रिजला पिना नसून तारा गाठ मारून बांधलेल्या असतील, तर ती नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असते. तिला स्टीलच्या तारा लावल्या, तर वाढलेल्या ताणाने ब्रिज उखडून येऊ शकतो.

प्रश्नकर्ते:
मनःपूर्वक आभार. आमच्या गिटारला पिनाच आहेत. नवीन तारा लावल्यावर सूर वारंवार उतरू लागला, तर काय करावे?

पहिले उत्तर देणारे:
नवी तार ताणून बसेपर्यंत सूर उतरणारच. प्रत्येक तार बाराव्या पडद्यापाशी बोटाने हलकेच वर उचलून ताणावी, पुन्हा सुरात आणावी, आणि सूर स्थिरावेपर्यंत हे करत राहावे. सूर लावताना नेहमी खालून वर यावे. सूर चढा झाला, तर तार थोडी जास्तच उतरवून पुन्हा वर आणावी. असे केल्याने खुंटीच्या दातांमधील ढिलाई निघून जाते. केस बंद करण्यापूर्वी तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि केस बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण पावसाळ्यात ओल आधी तिथूनच येते.