दीड लाखाची सुई, आणि आर्मचं काय?

तबकडीवेडा

परवा 'नादब्रह्म' यांनी लिहिलं की टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, ही नुसती मोटर, आणि सुई पेलणारा आर्म ही नुसती दांडी. बजेटमधले सत्तर टक्के कार्ट्रिजवर, म्हणजे आर्मच्या टोकाच्या सुईवाल्या डबीवर घाला, दीड लाखाची सुई लावली की कुठलंही टेबल गातं. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

ठाण्याच्या माझ्या मित्राने अगदी हेच केलं. त्याच्याकडे जुना बारा इंची आर्म, पहारीसारखा, इफेक्टिव्ह मास, म्हणजे सुईला जाणवणारं त्याचं वजन, २५ ग्रॅम. दुकानदाराने गळ्यात मारलेलं कार्ट्रिज सात ग्रॅमचं, सस्पेन्शन मऊ, कम्प्लायन्स, म्हणजे सुईच्या लवचिकतेचा आकडा, २२. स्क्रू धरून झाले ३३ ग्रॅम. ३३ गुणिले २२, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. आर्म आणि कार्ट्रिज मिळून आपसूक किती हर्ट्झला डोलतात ते कळतं. इथे सहा हर्ट्झच्याही खाली येतं. हवं ८ ते १२. तबकडीच्या वाकडेपणाचे हेलकावे नेमके त्याच खालच्या पट्टीत असतात. मी समोर बसलो होतो. एलपी किंचित वाकलेली, दर फेऱ्याला आर्म होडीसारखा वरखाली, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच वूफरचा, म्हणजे स्पीकरच्या मोठ्या भोंग्याचा पडदा दमेकऱ्याच्या छातीसारखा आतबाहेर. मित्र म्हणतो, "बेस बघ किती आलाय." काय बोलणार?

नादब्रह्म

उत्तर देणार नव्हतो, पण नाव घेतलंत म्हणून. तुमच्या मित्राने चुकीचं कार्ट्रिज घेतलं, यात माझा मुद्दा कुठे खोटा पडला? चाळीस वर्षं ऐकतोय, कॅल्क्युलेटर घेऊन कधी बसलो नाही. खाचेला शिवतं कोण? सुई. नवरा एकच असतो, बाकी सगळे वऱ्हाडी.

तबकडीवेडा

त्या नवऱ्याला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या मामाचा पाय लचकलेला असला की नवराही आपटतो, साहेब. आणि चुकीचं म्हणजे कशाच्या मानाने चुकीचं? आर्मच्याच ना?

मिरजेचा मास्तर

तबकडीवेडा, सूत्र बरोबर, पण अर्धवट सांगून लोकांना घाबरवू नका. कम्प्लायन्स किती हर्ट्झला मोजलाय ते कोण बघणार? जपानी कंपन्या बऱ्याचदा १०० हर्ट्झचा आकडा छापतात, सूत्राला लागतो १० हर्ट्झचा.

डेनॉन १०३ हे कार्ट्रिज घ्या. १९६० च्या दशकात एनएचके या जपानी प्रसारण संस्थेसाठी केलेलं, अजून बाजारात आहे. छापील कम्प्लायन्स ५. टेक्निक्स १२०० या टर्नटेबलचा आर्म १२ ग्रॅम, कार्ट्रिज साडेआठ, स्क्रू एक. उत्तर १५ च्या वर, म्हणजे बाद. या एका आकड्यापायी मी दहा वर्षं ते घेतलं नाही. मग एका जाणत्याने सांगितलं, अरे, तो १०० हर्ट्झचा आकडा, १० ला ढोबळमानाने दुप्पट धर. उत्तर ११ च्या आत. दहा वर्षं गेली! आता अडीच ग्रॅम वजनावर, साध्या गोल टोकाच्या सुईने वाजतंय आणि समाधान आहे. नादब्रह्मांच्या दीड लाखात माझ्यासारखी चार घरं सजतील.

गिरगावची सई

मास्तर, तुमचं समाधान तुम्हाला लखलाभ, पण ख्यालाची एलपी शेवटपर्यंत ऐकता का त्यावर?

सगळे किंमत आणि वजनावर भांडताय. माझ्याकडच्या एलपींवर विलंबित सुरू होतं बाहेरच्या कडेला, आणि द्रुत येतं ते लेबलच्या अंगाला. बाहेर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत येईपर्यंत जेमतेम २१. म्हणजे सगळ्यात वेगवान ताना सगळ्यात चेपलेल्या खाचेत! गोल सुईला तिथले बारीक वळसे नीट पकडताच येत नाहीत. तार षड्जावरची तान फाटलेल्या कागदासारखी येते आणि आपण म्हणतो, रेकॉर्डिंगच जुनं. पाश्चात्त्य पॉपवाल्यांचं शेवटचं गाणं बरेचदा संथ असतं, त्यांचं भागतं. आपलं नाही.

म्हणून मी किंमत सोडून सुईचं टोक बघितलं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ कार्ट्रिजची बॉडी तीच ठेवली आणि फक्त मायक्रोलिनिअर, म्हणजे बारीक टोकाची सुई बसवली. मग कार्ट्रिज स्टीव्हन्सनच्या मांडणीने लावलं, म्हणजे आतला शून्यबिंदू (जिथे कार्ट्रिज खाचेला अगदी सरळ रेषेत असतं) लेबलच्या जवळ घेऊन. एक अख्खी रविवार दुपार गेली. टेबल लॅम्प खाली ओढलेला, डोळ्याला भिंग, दोन मुंगीएवढे स्क्रू पाव फेरा सैल, कार्ट्रिज केसभर मागे, पुन्हा मापाच्या पट्टीवर ठेवून बघ. श्वास रोखून. त्यात स्वेटरची बाही सुईला लागता लागता राहिली. त्या दिवसापासून अर्ध्या बाह्यांशिवाय टेबलजवळ जात नाही.

मिरजेचा मास्तर

ताई, मुद्दा मान्य. द्रुत लागलं की मी आवाज थोडा कमी करतो, हे इथे लिहायचं नव्हतं.

जुनाबाजार

सुया, टोकं, हर्ट्झ... तबकडी धुतली का कोणी? इथेच गाडी अडते सगळी. जुन्या बाजारातून पन्नास रुपयांना आणलेली एलपी थेट महागड्या सुईखाली ठेवायची आणि खरखर आली की कार्ट्रिजला दोष! चिपळूणच्या घरी माझ्या एलपी दोन पावसाळे लोखंडी कपाटात राहिल्या. काढल्या तर खाचेत पांढरी ठिपक्याठिपक्यांची बुरशी, पापडावर येते तशी. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवा.

सर्किटराव

साबण कशाला? सर्जिकल स्पिरिट, कापूस, पुसून मोकळं. वीस वर्षं हेच करतोय, आमच्याकडे ७८ च्या, मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकड्या पण आहेत.

जुनाबाजार

७८ ला??? अहो, त्या लाखेच्या असतात. स्पिरिटात लाख विरघळते, पॉलिशवाला सुतारही सांगेल! माझ्या चुलत्यांनी बालगंधर्वांची एक तबकडी अशीच 'स्वच्छ' केली. कापूस काळा झाला तर म्हणाले, बघ किती मळ होता. तो मळ नव्हता हो, ती तबकडीच होती. वाळल्यावर चकाकी गेलेली, त्यावर बोटांच्या आकाराचे धुरकट पट्टे. आजोबांनी त्यांच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. तुमच्यासारख्यांमुळे वारसा मातीत जातो.

सर्किटराव

आवाज खाली. 'तुमच्यासारखे' म्हणजे कसे? माझ्या तबकड्या माझ्या पैशाच्या. आणि एलपीला काही झालेलं नाही.

जुनाबाजार

एलपी विनाइलची, म्हणून वाचली. ७८ एकदा उजेडात तिरकी धरून बघा आणि मग बोला. आणि त्या वाजवता कशाने? एलपीच्या सुईने असेल तर दंडवत. ७८ ची खाच रुंद, तिला तीन मिलची सुई लागते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची पाऊण मिलचीही नसते. ती तळाशी लोळत गाळ वाजवते.

न्यूजर्सीचा कोकण्या

दीड लाखाच्या सुईवरून लाखेच्या तबकडीवर. चालू द्या. मी पॉपकॉर्न नाही, भडंग घेऊन बसलोय.

नादब्रह्म

धागा सुईचा की धोबीघाटाचा? बरं, तबकडीवेडा, तुमच्या आग्रहास्तव काल रात्री गणित केलं. आर्म ११ ग्रॅम, कार्ट्रिज ८, स्क्रू १, कम्प्लायन्स १३. उत्तर पावणेदहाच्या किंचित वर. म्हणजे तुमच्या सूत्रानेही मी बरोबर.

तबकडीवेडा

म्हणजे आर्म बघूनच कार्ट्रिज घेतलंत!

नादब्रह्म

नाही. आर्म टेबलासोबत आला होता.

तबकडीवेडा

मग लॉटरी लागली म्हणा. सल्ला देताना 'कुठलंही टेबल' लिहू नका, एवढीच विनंती.

नादब्रह्म

'कुठलंही' हा शब्द मागे. सत्तर टक्के मागे नाही. सईताईंचा टोकाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, हे कोणी कबूल करणार नाही, ठाऊक आहे.

गिरगावची सई

तुमच्या बाजूचा कसा? माझी सुई तुमच्या कस्टम ड्यूटीत बसेल. फक्त एक देते तुम्हाला: बारीक टोक खाचेच्या भिंतीवर वेगळ्या उंचीला टेकतं, त्यामुळे जुन्या सुईने झिजवलेली एलपीही कधीकधी वाचते. नेहमी नाही. एचएमव्हीच्या जुन्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर पंधरा वर्षं दळलेल्या एलपीला दीड लाखही पुरणार नाहीत.

सर्किटराव

७८ उजेडात धरल्या. दोनवर पट्टे आहेत. पट्टे स्पिरिटचेच कशावरून, ते विचारतोय. आणि जुनाबाजार, तो साबण लिंबाचा चालतो का बिनवासाचाच?