पॉलिहाउसमधले सेन्सर ऐंशी मीटरवर जोडायचे आहेत, कोणती बस (अनेक उपकरणे सामायिक तारांवर जोडण्याची पद्धत) निवडावी?

धागाकर्ता:
वीस गुंठ्यांच्या पॉलिहाउसमध्ये तापमान, आर्द्रता आणि मातीतला ओलावा मोजणारे आठ सेन्सर बसवायचे आहेत. ईएसपी३२ बोर्ड (सेन्सर वाचणारा छोटा मायक्रोकंट्रोलर) पंपघरात राहील आणि तिथून शेवटचा सेन्सर साधारण ऐंशी मीटरवर येईल. टेबलावर हातभर वायरीने जोडलेले आय-टू-सी (डेटा आणि क्लॉक अशा दोन तारांची बस) सेन्सर उत्तम चालतात, परंतु वीस मीटर केबल लावली की वाचन मधूनच थांबते आणि बोर्ड रीसेट केल्याशिवाय सुरू होत नाही. पुल-अप रेझिस्टर (तारांची पातळी वर ओढून ठेवणारे) बदलूनही फारसा फरक पडला नाही. बॅटऱ्या बदलत बसण्याची तयारी नसल्याने वायरलेस नको आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १:
आय-टू-सी ही बस फिलिप्सने एकाच बोर्डवरील चिप्स एकमेकींशी बोलाव्यात म्हणून काढली. तिच्या तारांवर एकूण ४०० पिकोफॅरडपर्यंतच कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) चालतो आणि साध्या केबलमध्ये तो मीटरमागे पन्नास ते शंभर पिकोफॅरड भरतो, म्हणजे वीस मीटरमध्ये तुम्ही मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलात. मोटर सुरू होताना क्लॉकच्या तारेवर एखादा खोटा ठोका पडला, तर सेन्सर डेटाची तार खाली ओढून तसाच अडकून राहतो. नऊ क्लॉक पल्स दिल्यास तो सहसा सुटतो, पण असे किती वेळा सोडवणार? सरळ आरएस-४८५ (लांब अंतरासाठीची दोन तारांची जोडणी) वर मॉडबस आरटीयू (तिच्यावरून सेन्सरशी बोलण्याची ठरलेली भाषा) घ्या. त्यात दोन तारांमधील फरक वाचला जात असल्याने दोन्हींवर सारखाच चढलेला गोंगाट बराचसा वजा होतो.

प्रतिसाद २:
कॅन बसचाही (वाहनांत वापरतात ती दोन तारांची बस) विचार करावा. ईएसपी३२ मध्ये तिचा कंट्रोलर आहेच, फक्त ट्रान्सीव्हर (तारांवर संदेश पाठवणारी-घेणारी चिप) लावावा लागेल, आणि चुकलेला संदेश ती स्वतःच पुन्हा पाठवते.

प्रतिसाद १:
कॅन गुणी आहे, याबद्दल वाद नाही. मात्र मातीतल्या ओलाव्याचे तयार सेन्सर बाजारात मॉडबसचेच सहज मिळतात. कॅनसाठी प्रत्येक सेन्सरपाशी वेगळा मायक्रोकंट्रोलर बसवावा लागेल.

प्रतिसाद ३:
मॉडबसला माझेही अनुमोदन, परंतु जोडणी काळजीपूर्वक करावी. नवे सेन्सर बहुधा सगळेच १ या पत्त्यावर येतात, म्हणून एकेक सेन्सर एकटा जोडून पत्ता बदलावा आणि तो त्याच्या डबीवर मार्करने लिहावा. आरएस-४८५ च्या दोन तारांची ए आणि बी ही नावे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, त्यामुळे उत्तर आले नाही तर आधी त्या दोन तारा अदलाबदल करून पाहाव्यात. मॅक्स४८५ ही आरएस-४८५ ची ट्रान्सीव्हर चिप पाच व्होल्टची आहे. ईएसपी३२ ला ३.३ व्होल्टवर चालणारी मॅक्स३४८५ घ्यावी.

केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर (टर्मिनेशन) लावण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि ऐंशी मीटरवरून परतणारा प्रतिध्वनी एका मायक्रोसेकंदाच्या आतच येतो. इथे टर्मिनेशन नसले तरी अडत नाही. उलट ते लावले आणि बायस रेझिस्टर (निवांत तारांची पातळी ठरवून देणारे) दिले नाहीत, तर कोणीच बोलत नसताना दोन्ही तारा समान पातळीवर येतात आणि जुन्या पद्धतीचे रिसीव्हर नसलेले बाइट वाचू लागतात.

धागाकर्ता:
मनःपूर्वक आभार. घरात कॅट-६ केबलचे वेटोळे पडून आहे, ते चालेल का?

प्रतिसाद ३:
अवश्य. एक पीळदार जोडी ए-बीसाठी ठेवावी, उरलेल्या जोड्यांतून बारा व्होल्ट आणि ग्राउंड न्यावे. ग्राउंडची तार गाळू नये. केबल मात्र मोटरच्या वायरीसोबत एकाच पाइपमधून नेऊ नका.